फॉरमॅट मारून देऊ का?

पावसाळ्यात आमच्या सांगलीच्या गावभागात कुणी कुणाला भेटलं की "बरं आहे का" असं विचारत नाही. "आयर्विनला किती?" असं विचारतात. म्हणजे १९२९ सालच्या त्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलंय ते. ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि पन्नाशी गाठली की बोलणं थांबवून सामान वर न्यायचं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हा घरातून सगळ्यात आधी मी काय उचललं, हा आमच्याकडे अजून चेष्टेचा विषय आहे. दागिने नाहीत, घराचे कागद नाहीत. लोणच्याची बरणी सासूबाईंनी नेली. मी संगणकाचा सीपीयू नेला. युरियाच्या रिकाम्या पोत्यात घातला, सुतळीने तोंड आवळलं आणि जिना चढले. मॉनिटर खालीच राहिला आणि गेला. यूपीएस गेला. प्रिंटर तर उन्हात ठेवल्यावरही महिनाभर गाळ सोडत होता.

तोच सीपीयू आज टेबलाखाली घरघरतोय, आणि त्याचं काय करायचं हा घोळ गेल्या ऑक्टोबरपासून माझ्या डोक्यात चाललाय.

तो घेतला २०११ साली. असेम्बल केलेला. दुसऱ्या पिढीचा आय थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि वर विंडोज सेव्हन. तेही ३२ बिटचं. जोडून देणारा पोरगा म्हणाला होता, "म्याडम, ६४ टाकूया की. ३२ ला सगळी रॅम दिसत न्हाई." त्याचं खरं होतं. ३२ बिटला चार जीबीतली तीन-सव्वातीनच वापरायला मिळते, बाकीची नुसतीच बसून राहते. तरी मी हटून बसले. माझं पोट ज्याच्यावर चाललं होतं ते पानं जुळवायचं पेजमेकर आणि त्याच्या जोडीचं मराठी फाँटचं पॅकेज, दोन्ही आधीच्या जमान्यातली. फाँटच्या सीडीवरचा इन्स्टॉलर १६ बिटचा, आणि १६ बिटचं काही म्हणजे काही ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही.

शिवाय डोंगल. नव्या मंडळींना हा प्रकार ठाऊक नसेल. पूर्वी महागडं सॉफ्टवेअर घेतलं की सोबत काडेपेटीएवढी एक प्लॅस्टिकची डबी यायची. ती प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टात खोचायची. डबी असेल तर सॉफ्टवेअर उघडणार, नसेल तर नाही. कुलूप सीडीवर आणि किल्ली सीपीयूच्या पाठीमागे. २००१ मध्ये त्या पॅकेजला मी जे पैसे मोजले त्यात तेव्हा घरात चांगला फ्रीज आला असता. कोणतं पॅकेज ते सांगत नाही. या धंद्यात प्रत्येकीचा फाँट म्हणजे प्रत्येकीचा गोडा मसाला. नाव घेतलं की भांडण ठरलेलं.

मी डीटीपी करते, संगणकावर मजकूर टाइप करून छपाईसाठी पानं लावून देते. म्हणजे आता करते असं म्हणायला थोडं धाडस लागतं, पण पाटी अजून आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, पतसंस्थांचे अहवाल, गणेश मंडळांच्या स्मरणिका, पूर्वी एम.फिल.चे प्रबंधसुद्धा. बटर पेपरवर लेझर प्रिंट काढायची आणि स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे पाठवायची. लगीनसराईत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कीबोर्ड वाजायचा. टायपिंग मी टाइपरायटरवर शिकलेली. मराठी तीसची, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची, शासकीय परीक्षा दिलेली. त्यामुळे बोटांना अजून तीच सवय आहे, आधी ऱ्हस्व वेलांटी आणि मग अक्षर. 'कि' काढायचा तर आधी वेलांटी, मग क. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बदलायची संधी आली नव्हती असं नाही. २०१५ मध्ये पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी खिडकीचं एक छोटंसं पांढरं चिन्ह येऊन बसलं. विंडोज टेन फुकट घ्या. मी रोज त्याला नाही म्हणायचे. दारावर आलेल्याला "आत्ता नको हं" म्हणावं तसं. मे २०१६ मध्ये, ऐन मुहूर्तांच्या दिवसांत, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात माऊस असताना मीच घाईत नको ते बटण दाबलं. तासाभराने विंडोज टेन आलं. दिसायला देखणं. पेजमेकरही उघडलं. पण डोंगल ओळखेना. समोर त्या रविवारच्या लग्नाची पत्रिका आणि पडद्यावर नवरदेवाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्के आणि अर्धवट कंस. जुन्यावर परत जायला तेव्हा एक महिन्याची मुदत होती. मी दुसऱ्याच दिवशी परत आले. त्यात दीड दिवस गेला आणि एक गिऱ्हाईक कायमचं गेलं. त्यानंतर माझ्यापुढे अपग्रेड हा शब्द कुणी काढला की मला ते डॉलरचे नवरदेव आठवायचे.

मग १४ जानेवारी २०२० ला विंडोज सेव्हनचे अपडेट बंद झाले. मला पत्ताही नव्हता. त्यानंतर दोन महिन्यांत लॉकडाऊन लागलं, लग्नं पन्नास माणसांत व्हायला लागली, पत्रिका व्हॉट्सॲपवर गेल्या. अपडेट बंद झाले काय आणि धंदा बंद झाला काय. २०२३ च्या सुरुवातीला क्रोमने सेव्हनला नवी आवृत्ती देणं थांबवलं. आधी पिवळी पट्टी यायची, मग एकेक साइट उघडेनाशी झाली. बँकेचं काम मोबाइलवर गेलं. संगणक उरला तो फक्त जुन्या फायली उघडण्यापुरता आणि अधूनमधून येणाऱ्या एखाद्या हट्टी गिऱ्हाइकापुरता, ज्याला 'तोच जुना फाँट' हवा असतो.

गेल्या दिवाळीत भाचा पुण्याहून आला. सॉफ्टवेअरमध्ये आहे. फराळाची ताटली घेऊन माझ्या खुर्चीत बसला, माऊस हलवला आणि म्हणाला, "मावशी, अजून सेव्हन? अगं, ऑक्टोबरच्या १४ तारखेला टेनपण संपलं."

"संपलं म्हणजे?"

"म्हणजे तू ज्याला दहा वर्षं नको नको म्हणत होतीस, ते म्हातारं होऊन रिटायरसुद्धा झालं."

हे मात्र मला लागलं. एखादं स्थळ टाळत राहावं आणि एक दिवस त्या स्थळाच्या नातवाच्या मुंजीचं आमंत्रण यावं, तसं.

त्याने मोबाइलवर बघून हिशेब मांडला. टेनवर जे आधीपासून आहेत त्यांना आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेचे अपडेट मिळतील. पण त्यासाठी सेव्हनवरून टेनवर जाणं म्हणजे सुटत आलेल्या एसटीत चढून पुढच्या थांब्यावर उतरणं. विंडोज इलेव्हनला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते, तेवढं माझ्याकडे आहे. पण टीपीएम २.० नावाची किल्ल्या जपणारी चिप लागते, ती नाही. इंटेलचा प्रोसेसर ढोबळमानाने आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, माझा दुसऱ्या. आणि इलेव्हन ३२ बिटमध्ये येतच नाही. म्हणजे १६ बिटचं दार तिथे भिंत घालून बंद केलेलं. काही लोक या अटींना वळसा घालून जुन्या मशीनवर इलेव्हन बसवतात, असंही त्याने सांगितलं. पण डबी? तिला वळसा नाही.

"विंडोजऐवजी लिनक्स टाक," तो म्हणाला. "मिंट. फुकट आहे, हलकं आहे, या डबड्यावर पळेल."

पळेल. मला शंका नाही. पण पेजमेकर तिथे सरळ पळणार नाही, आणि डबी तर नाहीच.

"मग नको बदलू," तो चकली मोडत म्हणाला. "फक्त नेटला जोडू नकोस. २०१७ चं वॉनाक्राय आठवतंय ना? फायली कुलूपबंद करून पैसे मागणारं. त्यात अडकलेली बहुतेक मशीनं सेव्हनचीच होती. आणि त्याचा पॅच, म्हणजे ते भोक बुजवणारं अपडेट, दोन महिने आधी आलेला होता. लोकांनी टाकला नव्हता, एवढंच."

हे त्याचं मला पटलं, कारण यात सेव्हनची बदनामी कमी आणि आळसाची जास्त होती.

भाचा गेला. मी ज्याच्याकडे दुरुस्तीला जाते त्या पोराला बोलावलं. त्याने सीपीयूचं झाकण काढलं, पंख्यावरची धूळ ब्रशने झाडली, हार्ड डिस्कला कान लावला. आत बारीक कट्, कट् असा आवाज येत होता. चालू व्हायला सहा-सात मिनिटं. तेवढ्यात माझा चहा होतो, म्हणून मी त्याकडे कधी तक्रार म्हणून बघितलं नव्हतं. त्याने मान हलवली. "म्याडम, डिस्क जाणार ही. फॉरमॅट मारून देऊ का?"

या गावात संगणकाच्या कोणत्याही दुखण्यावर हेच एक औषध आहे, सगळं पुसून विंडोज नव्याने बसवायचं. प्रिंटर चालत नाही, फॉरमॅट मारू. हळू झालाय, फॉरमॅट मारू. मला वाटतं उद्या कुणी म्हणालं, मुलगा अभ्यास करत नाही, तर हा म्हणेल, एकदा फॉरमॅट मारून बघूया की.

मी नको म्हणाले. का नको, हे त्याला नीट सांगता आलं नाही. ते कळायला ताईंचा फोन यावा लागला.

त्यासाठी थोडं मागे जायला हवं. २००३ च्या सुमारास आमच्याकडे एक काका यायचे. मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात त्यांनी चाळीस वर्षं दिवाणजी म्हणून काढलेली. रिटायर झाल्यावर त्यांनी हळदीवर लिहायला घेतलं. शेतीबद्दल नाही, औषधी गुणधर्मांबद्दल तर अजिबातच नाही. हळकुंड आणि गड्डा यांच्या भावात फरक का पडतो, हमाल पोत्याला हूक कुठे लावतो, रुमालाखाली बोटं दाबून सौदा कसा व्हायचा, कोणत्या महिन्यात दुकानात कोण रडत यायचं. आणि हरिपूरची पेवं. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या त्या गावात जमिनीखाली खणलेली हळदीची कोठारं. वर बघावं तर नुसतं मोकळं रान, आणि खाली शेकडो पोती. तिथली माती अशी की हळद वर्षानुवर्षं खराब होत नाही, कीड लागत नाही. काकांनी त्यावर वेगळं प्रकरण लिहिलं होतं. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. आतली हवा कोंडलेली असते, माणूस गुदमरतो. काही तास तोंड उघडं टाकायचं, मग कंदील सोडून बघायचा. कंदील विझला नाही तर माणूस सोडायचा. हे वाक्य टाइप करताना मी थांबले होते, अजून आठवतंय.

फुलस्केप कागदांवर दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. माझी १८१ पानं झाली. काकांनी तीनदा प्रुफं तपासली, लाल शाईने. प्रत्येक वेळी "पोरी, तुझा कॉम्प्युटर शहाणा आहे, पण त्याला दलाल आणि दल्लाल यातला फरक कळत नाही" असं म्हणायचे. निम्मे पैसे आधी दिले होते. निम्मे पुस्तक छापल्यावर.

२००५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये पूर आला. काकांच्या घरात पाणी शिरलं, फुलस्केपचा गठ्ठा भिजून एकजीव झाला. हरिपुरात पाणी पेवांत उतरलं. कितीतरी पेवं ढासळली, हळद सडली. पाणी ओसरल्यावर काका आले, खुर्चीत बसले, चहा प्यायले आणि म्हणाले, "आता छापू नको. ज्याच्यावर लिहिलं तेच राहिलं नाही." मी म्हटलं, म्हणून तर छापायला पाहिजे. ते हसले. पुढे काही वर्षांनी ते गेले. तोपर्यंत त्यांची फाइल माझ्याकडे विंडोज नाइन्टी एटवरून एक्सपीवर आणि एक्सपीवरून सेव्हनवर आली होती. दर वेळी मी ती नुसती उचलून पुढच्या घरात ठेवली. उघडली नाही.

दिवाळीनंतर त्यांच्या मुलीचा, म्हणजे ताईंचा फोन आला. विश्रामबागेत असतात. "वहिनी, आप्पांचं ते हळदीचं लिखाण तुमच्याकडे आहे का हो अजून? मुलं विचारतात, आजोबांनी काय लिहिलं होतं." मी म्हटलं, आहे की. डबी जाग्यावर होती. फाइल उघडली. पेवांच्या प्रकरणाची पीडीएफ काढली, पेनड्राइव्हने मोबाइलवर घेतली आणि पाठवली. दहा मिनिटांत फोन. "वहिनी, वाचायला मस्त दिसतंय. पण मी त्यातला कंदिलाचा उतारा कॉपी करून ग्रुपवर टाकला, तर हे काय आलं? काहीतरी इंग्रजी, चिन्हं..."

डॉलरचे नवरदेव परत आले होते.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. वीस-पंचवीस वर्षं याच्यावरच जेवले. या जुन्या फाँटांत मराठी अक्षर असं काही साठवलेलंच नसतं. फाइलमध्ये असते ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग. फाँट त्या प्रत्येकावर देवनागरीचा एकेक तुकडा चिकटवतो. एका खणात काना, एकात अर्धा स, एकात रफार, एकात वेलांटी. फाँट काढून घेतला की मराठी गेली, मागे खणांचे नंबर उरले. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर देणारी पद्धत. १९९१ च्या पहिल्या युनिकोडमध्येच देवनागरीला स्वतःची जागा मिळाली होती, विंडोज २००० मध्ये मंगल फाँटही आला होता, पण आम्ही धंदेवाले तिकडे फिरकलो नाही. पेजमेकरला ती मराठी झेपत नव्हती, आणि मंगलचा तो ल, खरं सांगू, मला आजही बघवत नाही.

हे सगळं माहीत होतं. तरी त्या रात्री मी एक गोष्ट करून बघितली. ती पीडीएफ उघडली आणि शोधायच्या चौकटीत 'हळद' टाकलं. ज्या लिखाणात पानापानावर हळद आहे, त्यात एकही हळद सापडली नाही. शून्य. मग 'पेव' टाकलं. शून्य. 'सांगली'. शून्य. छापून काढलं तर सगळं आहे. डोळ्यांना दिसतं. पण या घरातल्या एका मशीनला आणि माझ्या डोळ्यांना सोडून बाकी कुणाला ते मराठी आहे हे माहीतच नाही.

तेव्हा मला कळलं की मी इतकी वर्षं चुकीच्या प्रश्नाला नाही म्हणत होते. विंडोज बदलायचं की नाही, हे ठरवणं फार अवघड नव्हतंच. सेव्हन राहिलं काय, गेलं काय. एक दिवस ती डिस्क कट् कट् करून थांबणार, किंवा डबीची एखादी पिन मोडणार, किंवा आयर्विनला पुन्हा ५७ होणार आणि त्या वेळी मी साठीच्या गुडघ्यांनी जिना चढू शकणार नाही. सेव्हन जसंच्या तसं टिकवून मी फायली जपतेय असं मला वाटत होतं, आणि प्रत्यक्षात मी त्या फक्त कोंडून ठेवल्या होत्या.

दुरुस्तीवाल्या पोराला परत बोलावलं. म्हटलं, फॉरमॅट नको. आहे तस्सं सगळं एसएसडीवर, म्हणजे नव्या वेगवान डिस्कवर, उचलून दे.

"क्लोन मारू म्हणता?"

मार बाबा. जे मारायचं ते मार.

त्याने एका दुपारी काम केलं. जुनी हार्ड डिस्क मध्येच दोनदा अडखळली, तेव्हा त्याने आणि मी दोघांनीही श्वास रोखला होता. पण आलं. तेच सेव्हन, तीच डबी, तेच माझं निळं डेस्कटॉप, फक्त आता पाऊण मिनिटात उघडतं. चहाला वेळच मिळत नाही. नेटची वायर मी स्वतः काढली आणि गुंडाळून ड्रॉवरमध्ये टाकली. जुनी डिस्क बबल रॅपमध्ये गुंडाळून माळ्यावर गेली. नेटसाठी, पत्रव्यवहारासाठी, युनिकोडसाठी भाच्याने कुठल्याशा कंपनीतून निघालेला आठव्या पिढीचा जुना लॅपटॉप पाठवला. त्यावर इलेव्हन आहे. त्याचं स्टार्टचं बटण मधोमध का आणून ठेवलंय, ते मला अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

आणि आता रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की मी काकांची पानं उतरवते. फाँटचं युनिकोडमध्ये रूपांतर करून देणारी सोय फुकट मिळते. एका बाजूला खणांचे नंबर ओतायचे, दुसऱ्या बाजूने मराठी निघते. पहिल्या दिवशी मला वाटलं, १८१ पानं म्हणजे दोन तासांचं काम. पहिलं पान बाहेर आलं आणि मी चष्मा पुसला.

त्यात 'परिस्थिती' चं 'परििस्थती' झालं होतं. म्हणजे मी टाइपरायटरच्या सवयीने आधी वेलांटी मारायचे आणि फाइलमध्ये ती तशीच आधी साठवली गेली होती. युनिकोडला हवं आधी अक्षर, मग वेलांटी. पडद्यावर दाखवताना मात्र वेलांटी अक्षराच्या आधीच दिसते. जोडाक्षर आलं की रूपांतर करणाऱ्याचा गोंधळ होतो, आणि वेलांटी ठिपक्यांच्या एका रिकाम्या वर्तुळाला लटकून राहते, आधार नसलेल्या वेलीसारखी. रफाराचंही तसंच. आम्ही तो अक्षर झाल्यावर त्याच्या डोक्यावर ठेवायचो. युनिकोडला र आधी पाहिजे. त्यामुळे 'खर्च' चा रफार कधी शेजारच्या शब्दावर जाऊन बसतो.

पण हे सगळं परवडलं. खरं दुखणं आहे ते 'ऱ्या' चं. व्यापाऱ्यांच्या पुस्तकात 'व्यापाऱ्यां' किती वेळा येईल विचार करा. हमालांच्या दुसऱ्या खेपा, शेतकऱ्यांच्या गाड्या, कोऱ्या पावत्या. तो आडवा, डोळ्याच्या पापणीसारखा र आमच्या फाँटात एक स्वतंत्र खण होता. रूपांतरात त्याचा सरसकट रफार झाला. 'व्यापार्यांनी', 'दुसर्या', 'कोर्या'. नेटवर हल्ली अर्धी मराठी अशीच दिसते आणि लोक ती वाचून पुढे जातात, पण काकांच्या नावावर मी ती जाऊ देणार नव्हते. मग मी हुशारी केली. सगळे 'र्या' एका फटक्यात 'ऱ्या' करून टाकले. व्यापारी सुधारले. शेतकरी सुधारले. आणि पान ४१ वर सूर्यास्ताचा 'सूऱ्यास्त' झाला, सौद्याच्या मर्यादेची 'मऱ्यादा' झाली आणि काकांच्या एका मास्तरांचे 'आचाऱ्यांकडून' धडे सुरू झाले. म्हणजे संस्कृत शिकवणारे मास्तर एका झटक्यात लग्नाच्या स्वयंपाकाला गेले.

सगळं परत घेतलं. आता एकेक करते. शोध, थांब, वाच, बदल किंवा सोड. ताई शनिवारी येतात, प्रिंट घेऊन समोर बसतात आणि लाल पेनाने खुणा करतात. अक्षर हुबेहूब वडिलांसारखं आहे. परवा त्यांनी एका शब्दाभोवती गोल काढला आणि विचारलं, "हे दल्लाल चुकून झालंय का?" मी म्हटलं, नाही, ते तसंच ठेवायचं.

कंदिलाचा उतारा सगळ्यात आधी केला. त्यांच्या ग्रुपवर गेला. एका नातीने उलट विचारलं, पेव म्हणजे काय. ताईंनी तिला आधीचं पान पाठवलं.

भाच्याचा रविवारी फोन असतो. "झालं का अपग्रेड, मावशी?" मी म्हणते, चाललंय. तो म्हणतो, स्क्रिप्ट लिहून देतो, एका मिनिटात होईल. त्याने खरंच लिहून पाठवली. वेलांट्या आणि रफार तिने बहुतेक जागेवर आणले, तेवढं श्रेय देते. मात्र सूर्य आणि व्यापारी तिलाही वेगळे करता आले नाहीत.

जूनच्या आत संपवायचं ठरवलंय, नाहीतर सगळं परत वर न्यावं लागेल. सध्या पान ८३ वर आहे. त्यावर 'व्यापाऱ्यां' अकरा वेळा आहे आणि 'सूर्य' एकदा.